हात गेले त्या पानगळीत

आज सकाळी जीपी सर्जरीचा, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा, टेक्स्ट आला. फ्लू जॅब, फ्लूची लस, घ्यायची वेळ झाली, स्लॉट बुक करा. चहाचा कप हातात धरून मी तशीच खिडकीपाशी उभी राहिले. समोरच्या चेस्टनटची पानं कडेकडेनं तांबूस झाली आहेत आणि त्याची काटेरी फळं फुटपाथवर फुटून पडली आहेत. दुपारी या मोसमात पहिल्यांदा हीटिंग लावलं. रेडिएटरवर उन्हाळाभर बसलेली धूळ तापली आणि घरभर तो कोरडा, करपट वास सुटला. इंग्लंडातल्या या मेडनहेडच्या ऑक्टोबरचा वास कसा असतो असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन. आणि या वासाबरोबर मला ढोल ऐकू येतात. भिंतीपलीकडून, जरा लांबून.

दोन वर्षांपूर्वीची ती पानगळ. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, ऑगस्टमध्ये हॉस्पिटलातल्या कन्सल्टंटनं सांगितलं होतं की त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झाला आहे. मी फार्मासिस्ट आहे. त्या तीन शब्दांचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही: एकेक स्नायू जाणार, औषध नाही. सुधीर मात्र कारमध्ये बसल्यावर म्हणाला, "मला जूनमध्येच कळलं होतं, मेधा. तिरकिट पुसट यायला लागलं होतं."

सुधीर सॉफ्टवेअरमधला माणूस, पण त्याला स्वतःची ओळख सांगायची असेल तर तो साताऱ्याचा तबलजी असंच म्हणायचा. कितवीत होता कोण जाणे, तेव्हापासून शिकत होता. इथं आलो तेव्हा विमानात तबल्याची जोडी त्यानं हँडबॅगेजमध्ये आणली आणि माझं सगळं सामान चेक-इनला टाकलं. दर रविवारी सकाळी पुढच्या खोलीत त्याचा रियाझ चालायचा. शेजारची म्हातारी बाई कधी तक्रार करायची नाही. उलट एखाद्या रविवारी आवाज आला नाही तर कुंपणावरून विचारायची, आज तो बरा नाही का?

हात गेले ते असे. आधी बोटांतलं तिरकिट. मग शर्टाची बटणं. मग एका सकाळी किटली सुटली आणि गरम पाणी ओट्यावरून खाली ओघळलं. सप्टेंबरात त्यानं तबल्याची जोडी स्वच्छ पुसली, जुन्या दुलईत गुंडाळली आणि वरच्या कपाटात ठेवायला मला सांगितलं. मी स्टुलावर उभी होते आणि तो खालून जोडी माझ्याकडे देत होता. डावा हात खाली धरलेला, उजवा नुसता बाजूला टेकवलेला. त्यानंतरच्या रविवारी म्हातारीनं विचारलं, तेव्हा मी "टायर्ड" एवढंच म्हणाले.

त्या वर्षी फ्लू जॅब कौन्सिलच्या हॉलमध्ये होती. शनिवार होता. आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून आमच्या नंबराची वाट बघत होतो आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी ढोल वाजवायला सुरुवात केली. एकजण नव्हे, पाचसहा जण. काही चुकत होते, काही सांभाळून घेत होते. सुधीरनं मान वर केली. गेल्या दोन महिन्यांत त्याचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"अगं, हा तर काँगो!" तो म्हणाला. "साताऱ्याचा काँगो!"

ही गोष्ट मला माहीत होती. कॉलेजात असताना गणपतीतल्या एका ऑर्केस्ट्रात त्याला तबल्याऐवजी काँगो वाजवायला लावलं होतं, कारण काँगोवाल्याला ऐनवेळी कावीळ झाली. मुंबईहून जुना घेतलेला तो काँगो, त्याचा एक पाय वेल्डिंग केलेला. नाचाची गाणी सुरू झाली की मांडवातली पोरं त्याच्या नावानं ओरडायची. त्याच्या गुरुजींनी कुणाकडून तरी हे ऐकलं आणि महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. सुधीर हे सगळं हसत हसत सांगायचा.

दंडावरच्या टोचणीला कापूस धरून तो सरळ त्या खोलीत शिरला. मी मागोमाग. आत अर्धगोलात बसलेली इंग्लिश माणसं, बरीचशी रिटायर्ड. मधोमध एक उंच, काळासावळा, वाळक्या अंगाचा म्हातारा गृहस्थ, डोक्याला गोल लोकरी टोपी. ते लाझारो. क्युबातल्या मातान्सास नावाच्या बंदराच्या गावचे. तरुणपणी एका बँडबरोबर इंग्लंडला आले, इथल्याच बाईशी लग्न केलं आणि राहिले. बाई जाऊन काही वर्षं झाली होती. मुलं नव्हती. ते म्हणायचे 'स्लाव्ह'मध्ये, म्हणजे आपल्या शेजारच्या स्लाउमध्ये, एका फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. स्लाउचा उच्चार त्यांना तीस-चाळीस वर्षांत जमला नव्हता.

सुधीरनं त्यांना भडाभडा सगळं सांगितलं. तबला, सातारा, ऑर्केस्ट्रा, वेल्डिंग केलेला पाय. लाझारोंनी एक काँगो त्याच्यापुढे सरकवला. सुधीर बसला, डोळे मिटले आणि वाजवू लागला. पहिली दोन आवर्तनं सुरेख गेली. मग उजवा तळवा कातड्यावर पडला तो तसाच पडून राहिला, जसा एखादा थकलेला माणूस बसल्या जागी मान टाकतो. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. लाझारोंनी पिशवीतून लाकडाच्या दोन आखूड, जाडसर काठ्या काढल्या आणि सुधीरच्या हातात दिल्या.

"याला क्लावे म्हणतात," ते म्हणाले. "एक काठी नुसती तळहातावर टेकवायची. दुसरीनं तिच्यावर मारायचं. जोर लागत नाही. पण बाकीचे सगळे याच्यावर उभे असतात."

घरी जाताना सुधीर कारमध्ये धुमसत होता.

"खुळखुळा दिला मला. बालवाडीत देतात तसा."

"ते म्हणाले ना, सगळे त्याच्यावर उभे असतात."

"दया आली त्यांना माझी. बाकी काही नाही. पुन्हा जायचं नाही तिथं."

मी वाद घातला नाही. थेम्सवरचा पूल ओलांडताना पाण्यावर पानांचा थर संथ वाहत होता. पण बुधवारी मी कामावरून आले तेव्हा सुधीर डायनिंग टेबलाशी बसून चमचा कपावर आपटत होता. पुन्हा पुन्हा तेच. तीन ठोके लांब लांब, मग दोन जवळ जवळ. कपाळाला आठ्या.

"मेधा, सोळा मात्रा आहेत. त्रितालाएवढ्याच. पण यांची सम कुठाय? काही केल्या सापडत नाही."

शनिवारी आम्ही पुन्हा गेलो.

त्या वर्षीचे शनिवार मला अजून वेगवेगळे आठवतात. एकदा मुसळधार पाऊस होता आणि हॉलचं छप्पर गळत होतं, तर एका बाईनं गळतीखाली उलटा काँगो ठेवला आणि लाझारो तिच्यावर स्पॅनिशमध्ये असे ओरडले की ती बिचारी रडायची बाकी राहिली. एकदा खिडकीतून ऊन आलं आणि ते सरकत सरकत सुधीरच्या मांडीवर येऊन बसलं. सुधीर त्यांना आता लाझारोबुवा म्हणायला लागला होता. बुवा म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं, देवळात भजन म्हणणारा मानाचा माणूस. ते खूश झाले. "मग बरोबर आहे," म्हणाले.

सुधीरच्या समेचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, उलट वाढवला. आपल्याकडे सगळं घोडदौड करत येतं आणि समेवर आदळतं, माना डोलतात, जीव शांत होतो. यांच्याकडे नेमकी ती जागा पुष्कळदा मोकळी असते. ढोल तिच्या जरा आधी वाजून जातो, किंवा मागाहून येतो. रुंबा, म्हणजे त्यांच्याकडचा एक नाचाचा ताल, वाजवताना क्लावेचा तिसरा ठोका तर जाणूनबुजून किंचित उशिरा मारायचा. "पाय उचललाय आणि जमीन अजून लागलेली नाही, तेवढा वेळ," बुवा म्हणायचे. सुधीरला त्या उशिराचं वेड लागलं. रात्री जेवताना, दात घासताना, तो तोंडानं तेवढीच जागा घोळवायचा. मला सुरांतलं फारसं कळत नाही. पण त्या दिवसांत आम्ही दोघंही तसेच उचललेल्या पायावर उभे होतो, एवढं मला कळत होतं.

नोव्हेंबरात एकदा बुवा आमच्याकडे जेवायला आले. आमची मुलगी इरा युनिव्हर्सिटीतून आली होती. मी साधंच केलं होतं, आमटी, भात, काळ्या घेवड्याची उसळ. त्यांनी उसळ भातावर घेतली, एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"हे आमच्या घरचं आहे," ते म्हणाले. "आई असंच करायची. तुमचं जरा तिखट."

त्यांची आई गेली तेव्हा त्यांना तिकडे जाता आलं नव्हतं. कागदपत्रांचं काहीतरी अडलं होतं. मग जेवता जेवता ते आजीबद्दल बोलले. आजीची आजी जहाजातून आणलेली. त्या लोकांना ढोल बरोबर आणू दिले नव्हते. उसाच्या मळ्यांत राबता राबता त्यांनी ते पुन्हा बनवले, आठवून आठवून. मग कधी ढोलांवरही बंदी आली, तेव्हा बंदरावरची सुक्या मासळीची रिकामी खोकी उलटी करून त्यांच्यावर वाजवलं. आजी देवाची गाणी म्हणायची ती आफ्रिकेतल्या भाषेत. त्यातला एकेक शब्द बुवांना पाठ, अर्थ निम्म्याचा माहीत नाही.

"अर्थ माहीत नाही आणि तरी म्हणता?" इरानं विचारलं.

सुधीर हसला. "इरा, तू अथर्वशीर्ष म्हणतेस ते काय अर्थ कळून म्हणतेस?"

मग त्यानं बुवांना विचारलं, "म्हणजे मी साताऱ्याच्या मांडवात जे वाजवत होतो, ते तुमच्या आजीचं होतं?"

बुवांना कळेना की ते साताऱ्याला कसं पोचलं. सुधीरनं त्याच्या परीनं जोडून सांगितलं. क्युबातून तबकड्या निघाल्या, जहाजांवरून, हॉटेलांतल्या नाचाच्या बँडमधून मुंबईला आल्या. तिथल्या गोव्याच्या वाजवणाऱ्यांनी तो ताल उचलला, सिनेमाच्या गाण्यांत घातला. सिनेमा साताऱ्याला आला. मग काँगोवाल्याला कावीळ झाली. बुवा खूप हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "आजी मातान्सास सोडून कधी कुठं गेली नाही. तिला हे सांगायला हवं होतं."

त्यांना पोचवून मी परत आले तर सुधीर खुर्चीतच होता. मान जरा कललेली. इरानं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले होते.

"बाबा, तुझी हात थकली का?"

एरवी आम्ही तिचं मराठी सुधारायचो. तुझे हात, थकले. त्या दिवशी दोघांपैकी कुणीच सुधारलं नाही.

डिसेंबरात हॉलमध्ये एक लहानसा कार्यक्रम ठरला होता. शनिवारची दुपार, चहा, ख्रिसमसचे गोड मिन्स पाय आणि आमच्या क्लासचं वाजवणं. सुधीरनं तो दिवस मनात धरून ठेवला होता. पण पाय गेले होते, व्हीलचेअर आली होती आणि डावा हातही आता जायला लागला होता. इरानं वेल्क्रोचा पट्टा लावून काठी त्याच्या तळव्याला बांधून दिली. त्यावर आठवडाभर निभलं. मग मनगटच उचलेना. कार्यक्रमाच्या सकाळी त्यानं मला पट्टा सोडायला सांगितला.

"तुम्ही दोघी जा. मी इथंच बसतो."

"का?"

"का काय? वाजवणाऱ्यांत बसून नुसतं बघत राहू? सगळे माझ्याकडे कसे बघतील ते माहितीये मला."

त्याचं बोलणंही आता जड झालं होतं. शब्द ओले होऊन एकमेकांना चिकटायचे. मी बुवांना फोन केला की आम्ही येत नाही. अर्ध्या तासात ते टॅक्सी करून दारात हजर. कोट न काढताच त्याच्या व्हीलचेअरसमोर उकिडवे बसले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी.

"तुम्ही आला नाहीत तर क्लावे नाही," ते म्हणाले. "मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

"मी वाजवू शकत नाही, बुवा."

"माहीत आहे. तरी जागा तुमची आहे. तिथं दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही."

सुधीर माझ्याकडे बघून म्हणाला, "निळा शर्ट दे. इस्त्रीचा."

हॉलमध्ये साठसत्तर माणसं होती. सुधीरची व्हीलचेअर अर्धगोलाच्या मधोमध. पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसरं रुंबा होतं, ते मध्यावर फाटलं. कुणीतरी घाई केली, कुणीतरी थबकलं, प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघू लागला आणि ढोल एकेक करून बंद पडले. लोकांनी समजुतीनं टाळ्या वाजवल्या, त्यानं तर आणखीनच वाईट वाटलं. बुवांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या. शांतता झाली. आणि त्या शांततेत सुधीर बोलला.

"तक्."

मला वाटलं त्याला काही हवंय. मी खुर्चीतून अर्धी उठले. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"तक्… तक्… तक्."

तबलजी बोल म्हणून दाखवतात ना, पढंत, तसा तो क्लावे म्हणत होता. जीभ जड, ओठाच्या कडेला लाळ, पण तीन ठोके आणि दोन ठोके, आणि तिसरा तेवढाच उशिरा. पुन्हा. पुन्हा. बुवांनी मान झुकवून त्याच्यावर काँगो धरला. मग ती गळतीवाली बाई आत आली, मग बाकीचे. कुणी त्याच्याकडे दयेनं बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण बघितलं नाही तर ते चुकले असते. इरानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. किती वेळ चाललं सांगता येत नाही. संपलं तेव्हा सुधीरचा श्वास फुलला होता आणि निळ्या शर्टाची कॉलर भिजली होती. मी रुमालानं ती पुसली. तो म्हणाला, "सम नाहीच लागत यात. मज्जा आहे."

त्यानंतर त्याचं बोलणं फार दिवस टिकलं नाही. जानेवारीत शब्द गेले. मग घास गिळणं गेलं. मार्चमध्ये, नदीकाठी डॅफोडिल्स फुलली होती तेव्हा, हॉस्पिसमधल्या खोलीत दुपारी तो गेला. इरा चहा आणायला गेली होती. मी त्याचा हात धरला होता. त्या हाताला आधीच खूप दिवस काही वजन नव्हतं.

क्रिमेटोरियममध्ये आम्हाला अर्ध्या तासाचा स्लॉट मिळाला. आमच्या मागे दुसरं कुटुंब काळ्या गाड्यांत थांबलं होतं. भटजींनी मंत्र आटोपते घेतले. मग बुवा पुढे आले. डोक्यावर पांढरी टोपी होती, हातात काहीच नव्हतं. त्यांनी शवपेटीवर तळवा ठेवला आणि गायले. ढोल नाही, टाळी नाही. आवाज म्हातारा, तडे गेलेला. साताऱ्याहून आलेले माझे मोठे दीर आयुष्यात पहिल्यांदा ते सूर ऐकत होते. ते हात जोडून उभे राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हे कुठलं स्तोत्र गं?" मी म्हणाले, मातान्सासचं.

नंतर मी त्या हॉलकडे फिरकले नाही. इरा मँचेस्टरला नोकरीला लागली. ती दर रविवारी फोन करते. आमच्या बोलण्यात तो 'बाबा' असतो. बँकेच्या, पेन्शनच्या, टॅक्सच्या लोकांशी बोलताना तो 'माय लेट हजबंड' असतो. कामावर तर कुणी काहीच म्हणत नाही, घाबरून. हळूहळू लक्षात आलं, की घरात त्याचं नाव उच्चारायचं कारणच उरलेलं नाही. पूर्वी दिवसातून किती वेळा मी ती हाक मारत असेन! चहा झाला, सुधीर. किल्ली कुठाय, सुधीर. सुधीर, तो चमचा आपटणं बंद कर.

आज दुपारी हीटिंग लावून मी टाउन सेंटरला गेले, तर बसस्टॉपच्या बाकावर बुवा बसलेले. आणखी वाळलेत. मी शेजारी बसले. थोडा वेळ आम्ही हवेबद्दल बोललो, इथं बोलतात तसं. मग म्हणाले, उन्हाळ्यात ते मातान्सासला जाऊन आले. कित्येक वर्षांनी. आईचं घर आता भाचीकडे आहे, वीज दिवसातून बराच वेळ नसते. पण घरात देवासाठी ढोल बसवले होते, आपल्याकडे गोंधळ घालतात तसे. आणि त्यांच्याकडे ढोल बसवायचे तर आधी गेलेल्यांची नावं घ्यायची असतात, मोठ्यानं, एकेकाचं.

"मी माझ्या आजीचं घेतलं, आईचं, बायकोचं," ते म्हणाले. "मग त्याचं घेतलं."

मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले. आत्ताच्याच पितृपंधरवड्यात दीरांनी साताऱ्याला त्याचं श्राद्ध घातलं. गोत्र सांगून, दर्भ हातात घेऊन. तेव्हा मी फोनवर होते आणि डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

"पण एक अडचण आहे," बुवा म्हणाले. "मी ते चुकीचं म्हणतो. क्लासमध्येही चुकीचंच म्हणायचो, तो हसून सोडून द्यायचा. गेलेल्याचं नाव चुकीचं घेणं बरं नाही. मला नीट शिकवा."

"म्हणा," मी म्हणाले. "सुधीर."

"सुदेर."

"सुधीर. धी. छातीतून वारा सोडायचा."

"सुद… हीर."

त्यांची बस आली, दार उघडलं. त्यांनी ड्रायव्हरला हातानं जा म्हणून खुणावलं. बस गेली. रस्त्यापलीकडे कौन्सिलचा माणूस ब्लोअरनं पानं एका कडेला गोळा करत होता. मी पुन्हा म्हणाले, सुधीर. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. मी पुन्हा म्हणाले. मग जरा मोठ्यानं. शेजारी उभी असलेली मुलगी वळून बघू लागली. सुधीर, मी म्हणत राहिले. सुधीर. सुधीर.